आधी तू आत ये

देवपूर, धुळे
वैशाख

तीर्थरूप मायस,


काल फोनवर तू सगळं सांगितलंस. धाब्यावर खारी माती टाकून झाली, पन्हळी मोकळ्या केल्या, पऱ्हाट्या गोठ्याच्या आडोशाला रचल्या, दादर ज्वारी ऊन देऊन कोठीत गेली, कुरडया झाल्या, बिबडे अर्धे राहिलेत. मी विचारलं, गुडघ्याचं काय? तर म्हणालीस, "रेंज नाई वं पोरी," आणि फोन ठेवलास. रेंज नेमकी गुडघ्यापाशी आल्यावरच कशी जाते? म्हणून हे पत्र. वहिनी वाचून दाखवेल, आणि तू मध्येच उठून चुलीकडे जाऊ नयेस म्हणून तिलाही बजावून ठेवलंय.

खरं तर आखाजीला आले तेव्हाच बोलायचं होतं. पण लेकीने माहेरी येऊन निंबाच्या झोक्यावर बसायचं, आमरसात खापरावरची पुरणपोळी बुडवायची, का भांडण काढायचं? झोका ज्या फांदीला होता, ती फांदी मात्र पाहून आले. बेचक्यात चीर गेली आहे. आखाजी झाली, आता ती उतरवून घे. धाब्यावर पडली तर धाबं सोसेल, गोठ्याचे पत्रे सोसणार नाहीत.

निसर्ग वादळ आठवतं? 3 जून 2020. करोनामुळे सगळे घरात कोंडलेले, आणि टीव्हीवर रायगडचा किनारा. लोकांना आधीच हलवत होते, होड्या वर ओढत होते. तू म्हणालीस, "दर्याचं वादळ, आपल्याले काय त्याचं?" ते जमिनीवर आल्यावर दमत दमत उत्तर महाराष्ट्रावरून विदर्भाकडे गेलं, तेव्हा मी तुला चिडवलं होतं. पण तुझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. किनाऱ्यावरच्या वादळाची दोन-चार दिवस आधी वर्दी येते, त्याला नाव मिळतं, बातम्यांत नकाशा दिसतो. आपलं वारा-वावधन आपल्याच आभाळात दुपारच्या दुपारी तयार होतं. त्याचं बारसं करायला कोणाला सवड नसते.

तुझ्या नातवाने मला त्याची सगळी कुंडली समजावली. भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या वर गेला की तापलेली हवा वर चढते, तिला ओल मिळाली की ढग दहा-बारा किलोमीटर उंच होतो. मग पावसाने गार झालेली हवा वरून कोसळते, जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. त्याच हवेने केळी आडवी होते. मी त्याला म्हटलं, बाळा, तुझी आजी हे पुस्तकाशिवाय ओळखते. आधी वारा पडतो. चिमण्या गप्प होतात. सातपुड्याकडून तांबूस धूळ उठते. आणि अंगाला गार झुळूक लागली की समजायचं, आता हातात वेळ नाही. त्या झुळकेने आम्ही सगळे सुखावतो, डोळे मिटतो. तू एकटी तेवढी पदर खोचून धावत सुटतेस.

तुझं हे धावणंच मला छळतं, माय.

मी दहावीची परीक्षा देऊन बसले होते तो वैशाख. धाब्यावर जुन्या साड्या अंथरून बिबडे घातले होते. काळं कधी दाटलं कळलंच नाही. तू शिडी चढलीस, मागे मी. एका साडीचं टोक तुझ्या हातात, दुसरं माझ्या. बाबा खालून ओरडत होते, "उतरा, उतरा!" आणि तू वरून त्यांनाच समजावत होतीस, "थांबा, दोनच साड्या राह्यल्या." कोणाच्या तरी गोठ्याचा पत्रा सुटला आणि आपल्या दोघींच्या मधून गेला. मधून. तुझ्या कोपराला चाटून तो निंबात अडकला. तू काय केलंस? पहिल्यांदा मोडलेले बिबडे वेगळे केलेस. मग कोपर बांधलंस. रात्री कळण्याची भाकरी आणि ठेचा. बाबाही काही बोलले नाहीत. त्या पत्र्याचा विषय आपल्या घरात पुन्हा निघाला नाही. तुझ्या कोपरावरची खूण मात्र मी दर आखाजीला पाहते.

मावशीही तुझीच बहीण. 31 ऑगस्ट 2021 ला तितूर आणि डोंगरीचं पाणी चाळीसगावात शिरलं, तेव्हा शेजारचे हाका मारत होते आणि ही घरात शिवणयंत्र पलंगावर चढवत होती. गुडघाभर पाण्यात! नंतर विचारलं तर म्हणाली, "यंत्र भिजलं असतं तर कोणी भरून देलं असतं का?" तुम्हा बहिणींना आजीने हेच दूध पाजलं का गं?

पण मावशीचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, आणि ते आठवलं की तुझ्यावर रागावता येत नाही. बघ ना. भाऊने केळीच्या बांधाला शेवरी लावली, घडांच्या झाडांना टेकू दिले, विमा भरला. रावेर-यावलची केळी झोपली की तलाठी येतात, कृषी सहायक येतात, पंचनामा होतो, पेपरात फोटो येतो. यायलाच हवा, वर्षभराची मेहनत असते ती. घरासाठीही निकष आहे. केंद्राने 2022 साली ठरवलेल्या निकषांत कच्च्या घराची निदान 15 टक्के पडझड झाली तर 4,000 रुपये होते. आता सांग, तुझ्या कुरडया त्या 15 टक्क्यांत कुठे बसतात? भिजलेल्या शेवया, गळती लागलेली कोठी, ओल्या झालेल्या गोवऱ्या कोणत्या रकान्यात लिहायच्या? ज्याचा पंचनामा कधी होणार नाही, ते बाईला स्वतःच्या हातांनीच वाचवावं लागतं. म्हणून तू धावतेस. हे मला कळतं, आणि कळून उपयोग होत नाही, कारण तुझ्या पंचनाम्याची मला भीती वाटते.

मला जे येतं ते तुझ्याकडूनच आलं. इथे फ्लॅटमध्ये शेजारणी हसतात, तिसऱ्या मजल्यावर कसली पावसाळ्याची तयारी म्हणून. मी गॅलरीतल्या कुंड्या खाली उतरवते, दळण आधी आणते, मेणबत्त्या आणि काड्यापेटी एकाच डब्यात ठेवते. वीज गेली की चक्की बंद, हे मला कोणी शिकवलं? आणि मागे आमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती तेव्हा अख्ख्या जिन्याला पीठ कोणी पुरवलं? तुझ्या लेकीने. तेव्हा त्या हसल्या नाहीत.

म्हणून आज मी तुला चार गोष्टी सांगतेय, त्या मोठेपणा करून नाही.

गोठ्याच्या पत्र्यांवरचे दगड आणि ते जुनं टायर काढून टाक. पत्रा वजनाने दबून राहील असं आपल्याला वाटतं, पण वारा त्याला कडेला धरून खालून उचलतो. मग दगड गुरांच्या अंगावर. भाऊला हुक-बोल्ट आणि वायसर आणायला सांगितलंय, कडेच्या ओळीला जास्त मारायचे. पाण्याची टाकी भरलेली ठेव, रिकामी टाकी उडते. खिडकीबाहेरचा कूलर स्टँडसकट गजांना बांध. सातबारा, पासबुक, आधार, विम्याची पावती बाबांच्या फोटोमागे खोचलेली असतात ना? ती सगळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोठीवर ठेव. बाबा रागावणार नाहीत. विजेची तार तुटून पडली तर काठीने बाजूला सारायला जाऊ नकोस. वीज मंडळाचा 1912, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077, हे दोन नंबर वहिनीने भिंतीवर खडूने मोठे लिहावेत.

आणि ती कपड्यांची तार! निंबापासून गोठ्यापर्यंत लोखंडी तार, वर आभाळ कडाडतंय, आणि तू लुगडं काढायला उभी. गायही त्याच निंबाखाली. भाऊच्या मोबाइलवर दामिनी ॲप घालून दिलंय, विजेची सूचना त्यात येते. ते नसलं तरी तुला आकडे येतात. वीज चमकली की मोजायला लाग. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर जिथे असशील तिथून आत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उंबरा ओलांडायचा नाही. कपडे भिजले तर काय होईल? ते धुतलेलेच आहेत की गं!

वाळवणाचंही ठरवू. आपलं वादळ बहुतेक दुपार कलल्यावर येतं, तुलाच ठाऊक. दोन वाजता सगळं खाली. धाब्यावर नाही, अंगणात खाटांवर घालायचं, म्हणजे दोघींनी एक खाट उचलली की ओसरीत. थोडं थोडं कर. एका दिवशी सगळ्या गावाला पुरतील एवढे बिबडे घालण्याचा हट्ट कशाला? जळगावच्या पोरांना, मला, मावशीला, शेजारच्या बाळंतिणीला, सगळ्यांना डबे पोचायलाच हवेत का? यंदा माझा डबा करू नकोस. हे लिहिताना हात थरथरला, पण लिहिलं. करू नकोस.

तू आता म्हणशील, "काई होत नाई वं पोरी, इतकी वर्सं झाली." झाली खरी. तुझ्या पायांनी, तुझ्या नजरेने झाली. पण आता गुडघा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबतो, हे मी आखाजीला पाहिलं. तू पाहिलंस का मी पाहताना? पाहिलंच असशील. म्हणून तर रेंज गेली.

आषाढाआधी मी येतेच आहे. तोवर भाऊ, वहिनी सगळं बघतील. तू फक्त एक कर. अंगाला गार झुळूक लागली की जे हातात असेल ते तिथेच टाक आणि आत ये. सगळं घर तू दोऱ्यांनी, बोल्टांनी, मातीने घट्ट करतेस; तेवढी एकटी तूच मोकळी राहतेस.

या पावसाळ्यात एकदा तरी तुझा फोन येऊ दे, की पोरी, खूप वावधन आलं, बिबडे पार भिजले, लगदा झाला, आणि मी ओसरीत बसून नुसती पाहत होते. मी इथे जिनाभर पेढे वाटीन.

तुझी,
थोरली