फाट्यापर्यंत सायकल

आमच्या मळ्यापासून कोगनोळी फाटा सायकलनं बारा मिनिटं. वारा समोरून असला तर पंधरा. पूर्वी कुणी विचारलं असतं तर मला हे सांगता आलं नसतं. तेव्हा मी गाडीतून जायची, आणि गाडीत शेजारी बसणाऱ्या बाईला अंतर कळत नाही, चालवणाऱ्याचा मूड तेवढा कळतो.

निपाणीला पतसंस्थेत माझी नोकरी. सकाळी हे सोडायचे, संध्याकाळी न्यायला यायचे. बघणाऱ्याला वाटायचं, केवढं सुख! पण ह्यांना रानात उशीर झाला की मी संस्थेच्या पायरीवर पर्स मांडीवर घेऊन बसलेली. एका सकाळी ऊसतोडीची टोळी फडात उतरली आणि हे म्हणाले, "आज रजा टाक की." सहजच म्हणाले, मला मात्र लागलं. माझी नोकरी ह्यांच्या सवडीवर चालायची काय?

गोठ्यात लेकीची सायकल पडून होती. आठवीत असताना शाळेतून सरकारची मिळालेली. लेक आता पुण्यात. पंक्चर काढून आणलं, हवा भरली आणि दुसऱ्या दिवशी निघाले.

"काय वैनी, गाडी इकलासा व्हय?" पहिल्याच वळणावर चौकशी झाली. घरी आत्तींनी तोंड फिरवलं. दारात चारचाकी असताना सून सायकलवर! पुढं महिन्याभरानं मुनीमहाराजांचा विहार हायवेनं निघाला, तेव्हा ह्याच आत्ती अनवाणी मैलभर सोबत चालून आल्या. पाय चेपता चेपता मी म्हटलं, "महाराज आयुष्यभर पायी चालतात, त्यांना आपण नमोस्तु करतो. मग माझ्या सायकलचीच लाज का?" त्या बोलल्या नाहीत. पण त्यानंतर सकाळी सायकलची सीट पुसलेली असायची.

फाट्यावर चहाच्या टपरीमागं सायकल लावायची. पुणे-बेंगळुरू रस्ता जाताना नाही तर येताना ओलांडावाच लागतो. टोलनाक्याकडून मालगाड्या सुटलेल्या असतात. आजही तिथं छातीत धडधडतं, खोटं कशाला बोलू?

11 जून 2023 पासून कर्नाटकात 'शक्ती' योजना आली आणि बायकांना सरकारी बस मोफत झाली. पूर्वी बसायला जागा मिळायची, आता उभं राहायला मिळाली तरी पुष्कळ. "मुंद होगरी, मुंद होगरी" म्हणत कंडक्टर आत ढकलतो. शून्य रुपयांचं तिकीट पहिल्यांदा हातात घेताना मला अवघडल्यासारखं झालं. मागून एक गृहस्थ बोललेच, "फुकटची गाडी, मग गर्दी हुणारच." शेजारची बाई वखारीत तंबाखूच्या कामाला जाणारी. ती गर्रकन वळली. "फुकाट कसलं? आतापतोर किती तिकिटं काढली आमी, ती कुणी मोजली?" तिची-माझी तिथं ओळख झाली. तिकिटाचे वाचलेले पैसे ती आता आमच्याकडं पिग्मीला भरते. पासबुकावर एकटीचं नाव घालायला लावलंन्.

सगळ्यांच्याच वाट्याला हे शून्य येत नाही. आमच्या गल्लीतली नवी सून कागलची. आधार कार्डावर अजून माहेरचा पत्ता, म्हणून माझ्याच सीटवर बसून ती पूर्ण तिकीट काढते. महाराष्ट्रात 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, पण ते त्यांच्या हद्दीपुरतं. दूधगंगेच्या पलीकडं ती अर्धी आणि अलीकडं पुरी! पोरगी हसून सांगते. पत्ता बदलायला मात्र जीव होत नाही तिचा. मला कळतं ते.

माझी खरी अडचण वेगळीच, संध्याकाळची. आपल्यात दिवस मावळायच्या आत जेवायचं. थंडीत सहाला सूर्य बुडतो. पहिल्या डिसेंबरात बस हुकून चार दिवस रात्रभर उपाशी राहिले. हे म्हणाले, "बघ, गाडीनं आली असतीस तर!" खरंच होतं. पाचव्या दिवसापासून दुसरा डबा न्यायला लागले. सव्वापाचला स्टँडच्या बाकावर भाकरी-भाजी खाते, पाणी पिते. सुरुवातीला लोक बघायचे. आता बाकावरची माणसं सरकून जागा देतात.

गेल्या आठवड्यात गाडी गॅरेजला होती. हे सकाळी माझ्याभोवती दोनदा घुटमळले. मग म्हणाले, "फाट्याला जाऊन यायचं होतं. सायकल देतीस?"

"न्या. पण सव्वानऊच्या आत आणून द्या," मी म्हटलं, "मला बस आहे."