साल शिसं धरते, मग?

केमिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमचा प्रोजेक्ट संत्र्याच्या सालींवर होता. नागपुरात सालींना काय तोटा! वाळवायच्या, दळायच्या, कॉस्टिक सोड्यात भिजवायच्या. मग सालीतल्या पेक्टिनचे कार्बॉक्सिल गट मोकळे होतात आणि पाण्यातलं शिसं धरून ठेवतात. पिण्याच्या पाण्यात आपल्याकडे मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम.

"पण ते शिसं जातं कुठं?" आजीने विचारलं.

सालीतच बसतं. ॲसिडने धुतली, तर ॲसिडमध्ये उतरतं. अशी साल ना गाईपुढे टाकता येते, ना खतात. मी वाचलेल्या पेपरांत 'स्वस्त' हा शब्द पानोपानी. वापरलेल्या सालीचा हिशोब क्वचितच.

आता मी कोड लिहितो. परवा ज्युनिअरचा मेसेज आला, "दादा, लॅबच्या कपाटात तुमच्या ग्रुपचा सीलबंद डबा आहे. फेकू का?"

"कचऱ्यात नको रे," मी लिहिलं. "आधी लेबल वाच."