सोबत्याचा परतीचा प्रवास

सह्याद्रीतील एखादा गड चढायला निघालात, की पायथ्याच्या गावातला एखादा कुत्रा हमखास तुमच्या मागे येतो. त्याला कोणी बोलावलेले नसते. वाटेत भाकरीचा तुकडा मिळेल, एवढीच त्याची आशा असते. पण प्रवास संपल्यावर अशा सोबत्याचे काय करायचे?

एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे शिक्षक पाठीवर सॅक घेऊन अकोले तालुक्यातील रतनवाडीहून निघालो. चार दिवस पायी चालून हरिश्चंद्रगड गाठायचा होता. रतनगडाच्या वाटेवर एक काळा कुत्रा मागे लागला. आम्ही त्याला दोनदा हटकले. तो थांबे आणि पुन्हा येई. आमच्या घरी कुत्रा पाळत नाहीत. तरी दुपारी पळसाच्या पानावर त्याला भाकरी घातली आणि झऱ्याचे पाणी दाखवले.

रतनगडावर प्रवरा नदी उगम पावते. दुसऱ्या दिवशी कात्राबाईची खिंड ओलांडून आम्ही मुळेच्या खोऱ्यात कुमशेतला उतरलो. वाट चुकली, की कुत्रा पुढे जाऊन उभा राही. तिसऱ्या रात्री हरिश्चंद्रगडावरील गुहेत झोपलो, तेव्हा तो गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसला. मला अस्हाबे कहफची आठवण झाली. त्या तरुणांचा कुत्राही असाच गुहेच्या दाराशी होता.

चौथ्या दिवशी कोकणकडा पाहून आम्ही पाचनईला उतरलो. राजूरला जाणारी जीप तयार होती. तेथून शेवटची एस. टी. पकडायची होती. इतक्यात गावातली कुत्री गुरगुरत धावून आली. आमचा सोबती लंगडत आमच्या सॅकजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या तळव्यांची कातडी सोलली होती.

"आला तसा परत जाईल," एक मित्र म्हणाला.

पण कसा जाणार? परक्या गावातली कुत्री त्याला थारा देणार नव्हती. वाटेत बिबट्याचे रान होते. आणि पाय तर असे!

महाभारतात युधिष्ठिराच्या शेवटच्या प्रवासात एक कुत्रा त्याच्याबरोबर टिकून राहतो. त्याला सोडून स्वर्गात जायला युधिष्ठिर नकार देतो. आमच्यापुढे स्वर्ग नव्हता, फक्त एस. टी. होती!

जीपवाल्याने राजूर, शेंडीमार्गे रतनवाडीला जाण्याचे जादा भाडे सांगितले. तिघांनी खिसे रिकामे केले.

रतनवाडीत जीप थांबताच कुत्रा उडी मारून एका झोपडीकडे गेला. एक म्हातारी बाहेर आली. "आलास का रं काळ्या? चार दिस शेरडं राखाया कुनी न्हवतं. रातीला झोप नाय मला!" ती म्हणाली. मग तिने आम्हांला कोरा चहा दिला.

आमची एस. टी. चुकली. ती रात्र राजूरच्या स्थानकात गेली.

मित्रांनो, तुमच्या मागेही असा सोबती येईल. तो कोणाचा आहे, हे गावात विचारून घ्या. पहिल्याच वळणावरून परत जात असेल, तर फारच उत्तम. पण तो येतच राहिला, तर तुमच्या पाण्यात त्याचा वाटा ठेवा आणि परतीच्या खर्चात त्याचेही भाडे धरा. त्याच्याही घरी कोणीतरी वाट पाहत असते.