गुरुजींचा हयातीचा दाखला आणि माझा वाल

मासवण, नोव्हेंबर २०२४. भात झोडून झालं, पेंढा रचला. जमिनीत ओल आहे तोवर वाल पेरायचा होता, पण काल सकाळी शेजारचे गुरुजी आले, "मला जरा पालघरला बँकेत सोड." जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत. नोव्हेंबर आला की त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. जिवंत आहे असं दाखवलं की वर्षभर पेन्शन चालू. रांगेत उभे असताना म्हणाले, "तू पण साठीचा झालास की रे!" झालो. पण मी जिवंत आहे का, हे कुठल्या बँकेला पडलेलं नाही.

मंडळी, एरवी इथे खत, करपा, भाव असं लिहितो. आज हे लिहितोय कारण इथे वाचणारे बरेचजण तिशी-चाळिशीतले आहेत, आणि सकाळी शेत, मग बोईसरची पाळी असं करणारे आहेत. मीही तसाच होतो. १९९६ ते २००८, बारा वर्षं तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे. तीन ठेकेदार झाले. दरवेळी ठेका संपला की मुकादम दोन फॉर्म पुढे करायचा, सही कर, पैसे येतील. एक १९ नंबरचा, एक १०-सी. पैसे यायचे. एकदा घरावर पत्रे घातले, एकदा बहिणीचं लग्न निघालं, शेवटचे बोअरवेलमध्ये गेले (पाणी लागलं, तेवढं बरं).

कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, की १०-सी म्हणजे पेन्शनचा हिस्सा काढून घेणं. मालक पीएफला जे १२ टक्के भरतो, त्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात. अशी दहा वर्षं भरली की ५८व्या वर्षी पेन्शन लागू. पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट मागितलं असतं तर माझी तिन्ही ठिकाणची वर्षं एकाला एक जोडली गेली असती. मी दरवेळी पाटी पुसली.

किती मिळाली असती? माझ्या त्या पगारावर हिशोबाने सहाशेच्या आसपास बसते, पण २०१४ पासून कमीत कमी हजार आहे. हजारात काय होतं म्हणाल, आणि खरंच आहे, हे पेन्शनवाले साडेसात हजारांसाठी कधीचे आंदोलन करताहेत. तरी महिन्याच्या महिन्याला, पाऊस पडो न पडो, हजार.

आता शेताचं. दीड एकर. यंदा १६ क्विंटल भात झालं. आठ घरात खायला, आठ विकलं, २३०० हमीभावाने १८,४००. पूर्वी लावणी-कापणी आम्ही दोघंच उरकायचो, मजूर दोन-चार. यंदा माझी कंबर दुसऱ्या दिवशीच बसली. २४ मजूर लागले, ५०० रुपयांप्रमाणे १२,०००. उरले ६,४००, त्यातून चिखलणीचा ट्रॅक्टर आणि युरिया. भात तेवढंच पिकलं, भाव गेल्या वर्षापेक्षा बरा, फरक फक्त माझ्या कंबरेचा. कृषीवाल्या मित्रांनो, एकरी खर्च काढताना घरची मजुरी धरता, तिथे शेतकऱ्याचं वयही लिहून घ्या.

पीएम-किसानचे ६ हजार आणि नमो शेतकरीचे ६ हजार, म्हणजे महिन्याला हजार, येतात. पण ते सातबाऱ्यावर आहेत. एक्स्प्रेस-वेचं काम आल्यापासून दलाल बांधावर येऊन उभे राहतात. रस्त्याकडेचे पाच गुंठे द्यावेत असं माझ्या मनात दोनदा आलं. बायको म्हणाली, "इकून खाल्ली की संपली. आणि पैसे घरात आलेले कळले की पाहुणे पण येतील." मी गप्प बसलो. पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर माझ्याकडे दुसरं विकायला काही नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

सरकारी योजना शोधल्या. किसान मानधन २०१९ला आली, १८ ते ४० वयाला. मी तेव्हा ५५चा. श्रावणबाळचे महिना १५०० मिळतात, पण ६५ नंतर, आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवं. घरात एक पोरगा कंपनीत जात असला की संपलं.

तरुणांनी एक नीट वाचा. किसान मानधनात ५५ ते २०० रुपये महिना भरायचे, सरकार तेवढेच घालतं, साठीनंतर ३०००. पण ज्याचा पीएफ किंवा ईएसआय कापला जातो त्याला ती नाही. म्हणजे आपल्याकडचा अर्धा शेतकरी अर्धा कामगार त्यात बसतच नाही. अटल पेन्शनला ती अट नाही, चाळिशीच्या आत बँकेत खातं हवं आणि इन्कम टॅक्स भरणारा नसावा. तीस वर्षांनी तीन हजारांत काय येईल ते मला विचारू नका. तरी भरा.

पुतण्या ३१चा आहे. बोईसरची कंपनी सुटली, डिसेंबरात दोन महिने होतील, मग पैसे काढता येतात. सहा वर्षं भरलीत. आता मोबाईलवरच होतं, मुकादम लागत नाही. त्याला म्हटलं काढू नको, नवीन ठिकाणी तोच यूएएन नंबर दे, वर्षं जोडली जातील. म्हणाला, "काका, गाडीचे दोन हप्ते थकलेत, ते कोण भरणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक हप्ता मी देतो म्हटलंय, भाताच्या पैशातून. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आज सकाळी वाल पेरला. वरच्या दोन खाचरांना बी कमी पडलं. कुणाकडे कडव्या वालाचं घरचं बी असेल तर कळवा, दोन किलो पुरे.