बुरूज आणि ग्राफिक्स कार्ड



लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात (२८ ते ३०) बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला आहे. आपल्या तरुण संघात तो वाचला, तेव्हा मागून आवाज आला, "कम्प्युटरच्या उभ्या डब्यालापण टॉवरच म्हणतात." हा माझा भाचा. वय सतरा, इंटरचे दुसरे वर्ष, आणि चार महिने तोंडी एकच विषय: गेमिंग पीसी.

तो पाहायला आम्ही दोघे पार्क लेनच्या चेनॉय ट्रेड सेंटरला गेलो. आपल्याकडे सगळे त्याला सीटीसीच म्हणतात. नामपल्लीहून लाल मेट्रो, अमीरपेटला निळी, पॅराडाइजला उतरायचे. चौथ्या दुकानदाराने कागदावर मांडून दिले: एकूण ७२,०००, त्यात एकट्या ग्राफिक्स कार्डाचे २८,०००. भाच्याजवळ दृढीकरणाच्या वेळची पाकिटे आणि नाताळच्या भेटी मिळून १७,००० होते. बाकीचे ५५,०००? दुकानदार हसून म्हणाला, "टेन्शन नक्को लो, ईएमआय है ना. बिनब्याजी."

बिनव्याजी या शब्दाबद्दल थोडे सांगतो. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले. आता 'नो कॉस्ट' म्हणतात. व्याजाइतकी सूट किमतीत दाखवतात आणि व्याज हप्त्यात घेतात. वर प्रोसेसिंग फी, आणि कार्डावर घेतले तर व्याजावर १८ टक्के जीएसटी. पण माझी अडचण या पैशांची नव्हती. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला करार करता येत नाही. म्हणजे सही कोणाची? त्याच्या आईची.

ताई एका दवाखान्यात नर्स आहे. भाऊजी तीन वर्षांपूर्वी प्रभूमध्ये निजले. तेव्हापासून ती पोराला कशालाच नाही म्हणत नाही. हप्ता नको असेल तर पाटली गहाण ठेवू, असे ती माझ्यासमोर म्हणाली. त्याने मान खाली घातली, पण नको असेही म्हणाला नाही.

तो दाखला खरे तर बचतीवर नाही. येशू आपल्यामागे येणाऱ्यांना शिष्यपणाची किंमत सांगत होता, आणि उपदेशात तो घरखर्चावर ओढून आणलेला मला आवडत नाही. तरी त्या रात्री वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. तो माणूस आधी बसतो, आणि स्वतःजवळचे मोजतो. शेजाऱ्याचे नाही, बायकोचे नाही, आईचे नाही. भाच्याला मी एवढेच दाखवले आणि वही पुढे केली. म्हटले, "आईची पाटली सोडून बाकी सगळे लिही."

त्याने लिहिले. मित्राने सुचवलेले पैसे लावून खेळायचे गेम त्याने स्वतःच खोडले; तेलंगणाने ते २०१७ मध्येच बंद केले आहेत, हे त्याला माझ्याआधी माहीत होते. मग नुमाइश. १ जानेवारीपासून आपल्या एक्झिबिशन ग्राउंडवर शेकडो स्टॉल लागतात, पोरे हवीच असतात. पण अठरा वर्षांखालच्या मुलाला संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवता येत नाही आणि तिथली खरी गर्दी सातनंतरचीच. शिवाय मार्चमध्ये इंटरची परीक्षा. तेही खोडले.

मंडळीतल्या एका काकांनी प्रेमाने सुचवले की रविवारी भक्तीच्या वेळी प्रोजेक्टर हाच सांभाळतो, तर दानार्पणातून त्याला काही द्यावे. भाचा म्हणाला, "नको काका, ते काम असू द्या तसंच." मला फार बरे वाटले, पण तसे दाखवले नाही. सतरा वर्षांच्या पोराचे तोंडावर कौतुक केले की ते बिघडते, असे माझे मत आहे.

शेवटी उरले ते शेजारचे दोन भाऊ, सहावी आणि आठवी. गणित शिकवायचे, दोघांचे मिळून महिना ३,०००. आणि यादीला कात्री. मॉनिटर ९,००० चा होता, त्याऐवजी घरातला टीव्ही. ग्राफिक्स कार्ड आत्ता नाहीच. ज्यात ग्राफिक्स आतच बसवलेले असते तसला प्रोसेसर त्याच पैशांत मिळतो, हलके गेम त्यावर चालतात. राहिले ३५,०००. जवळचे १७,००० वजा जाता १८,०००, म्हणजे सहा महिन्यांची शिकवणी.

एका ठिकाणी मात्र तो हटला नाही. वीज पुरवणारा डबा, ज्याला हे एसएमपीएस म्हणतात, तो मोठाच घ्यायचा. मी म्हटले, आत्ता लहान पुरेल की. तो म्हणाला, "मामा, पाया आहे तो. उद्या कार्ड बसवायचं तर सगळं उकरावं लागेल." मी पुढे बोललो नाही.

सहाव्या महिन्यात, एका शनिवारी, सामान आले. त्याने जमिनीवर चादर अंथरून सगळे स्वतः जोडले. ताई चष्मा लावून शेजारी स्क्रू धरून बसली होती. कार्डाची जागा अजून रिकामी आहे. तिथून आत बोट घालून ती विचारत होती, "अरे, हे भोक कशाला ठेवलंयस?"