बाळंतपणाच्या गोष्टी

चार बायका जमल्या आणि त्यांत एखादी गरोदर असली, कीं बाळंतपणाच्या गोष्टी निघाल्यावांचून राहत नाहींत. पेन्शन घेतलेली मंडळी बागेंतल्या बांकावर बसून आपल्या नोकरींतले पराक्रम सांगतात, तसेंच हें आहे. कोणाच्या कळा दोन रात्री चालल्या, कोणाच्या मुलाच्या गळ्याला नाळेचे वेढे होते, कोणाला डॉक्टरांनीं ‘आई कीं मूल’ असा प्रश्न टाकला! प्रत्येक गोष्ट मागच्या गोष्टीपेक्षां चढती. सांगणारीला त्यांत एक अभिमान वाटत असतो, आणि तो अगदींच अयोग्य आहे असें मी म्हणणार नाहीं. बाईच्या आयुष्यांत शौर्याचा म्हणावा असा प्रसंग घरच्या लोकांनीं फारसा दुसरा मानलेलाच नाहीं. पण या गोष्टी आपण कोणासमोर सांगतों, याचा विचार मात्र मीं वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत केला नव्हता.

२०२३ च्या डिसेंबरांत माझी लेक सातव्या महिन्यांत माहेरीं आली. आमचें घर एकत्र. सासूबाई, आम्ही दोघें, धाकटे दीर आणि जाऊबाई, त्यांचा मुलगा आणि सून, अशी माणसें. पहिलटकरीण घरांत आली म्हणजे घराला जो एक उत्साह चढतो तो चढला होता. एके दुपारीं माजघरांत आम्ही सगळ्याजणी मटार सोलीत बसलों होतों. शेजारच्या काकूही आल्या होत्या. गोष्टी निघाल्या, आणि माझी पाळी आल्यावर मीं माझी १९९० सालची गोष्ट सांगितली. ती मीं किती वेळां सांगितली असेन याची गणती नाहीं, आणि दर वेळीं ती थोडी वाढलेली आहे, हेंही आतां कबूल करतें. सांगतां सांगतां माझें लक्ष लेकीच्या हाताकडे गेलें. शेंग फोडलेली होती, पण दाणे तशेच शेंगेंत होते.

रात्रीं मी ओटा पुसत असतांना ती स्वयंपाकघरांत आली. “आई, तुला तेव्हां वाटलं होतं का, आपण मरणार म्हणून?”

मीं विचार न करतां सांगितलें, “हो.”

“मला रोज वाटतं,” ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या घेऊन निघून गेली.

त्या रात्रीं मला झोप आली नाहीं. तेहतीस वर्षें मी जें मिरवीत होतें, तें नेमकें काय होतें, याचा मीं प्रथमच शोध घेतला. कळा मला फारशा आठवेनात. आठवलें तें एक दार. इस्पितळाच्या त्या दारापाशीं माझ्या आईला थांबवलें आणि मला एकटीला आंत नेलें. तीन खाटांच्या खोलींत मला उताणें निजवलें, शेजारची बाई ओरडत होती, पुढें काय होणार, किती वेळ लागणार, हें कोणी सांगेना, आणि मी रडूं लागलें तेव्हां एक बाई म्हणाली, “आधीं कळलं नव्हतं का?” अकरा तासांनीं मूल झालें. त्या अकरा तासांतलें भय हें वेदनेचें नव्हतें. तें अज्ञानाचें आणि एकटेपणाचें होतें. आणि तेंच मी अनेक वर्षें ‘कळा’ या नांवाखालीं वाटीत आलें होतें.

भय आणि वेदना यांचें हें नातें मीं शोधून काढलेलें नाहीं. ग्रँटली डिक-रीड नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें १९३३ सालींच त्यावर पुस्तक लिहिलें. तरुणपणीं लंडनच्या व्हाइटचॅपेल भागांतल्या एका दरिद्री खोलींत तो प्रसूतीसाठीं गेला असतां त्यानें त्या बाईपुढें क्लोरोफॉर्म धरला. तिनें तो नम्रपणें नाकारला. मागाहून कारण विचारतां, दुखलें नाहीं, आणि दुखावें असें असतें तरी का, अशा अर्थाचें तिनें उत्तर दिलें. त्यावरून विचार करतां करतां त्यानें असें प्रतिपादन केलें, कीं भयानें शरीर ताठरतें, ताठरल्यानें दुखतें, आणि दुखल्यानें भय पुन्हां वाढतें. त्याचें सगळेंच म्हणणें खरें ठरलें नाहीं. भय गेलें म्हणजे वेदना उरतच नाहीं, असें म्हणणें हा बायकांवर अन्यायच आहे. ज्यांना दुखतें त्या भित्र्या असतात असें नव्हे, आणि वेदनाशामक घेणें हा कांहीं कमीपणा नव्हे. परंतु त्यांतला गाभा आजही मान्य आहे. भय वाटलें कीं शरीरांत अ‍ॅड्रिनॅलिन वाढतें. आणि गर्भाशयाला आकुंचन पावण्यास लावणारें ऑक्सिटोसिन शांत व विश्वासाच्या वातावरणांत मोकळेपणानें स्रवतें.

आपल्याकडे तर हें त्याहून किती तरी आधीं ठाऊक होतें. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत, आठव्या अध्यायांत, सूतिकागाराचें वर्णन आहे. गर्भिणीभोवतीं अनेक वेळां प्रसूत झालेल्या, प्रेमळ, कामांत दक्ष आणि तिला धीर देणाऱ्या स्त्रिया असाव्यात असें तेथें सांगितलें आहे. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांनीं अमेरिकेंत डॉक्टरकीच्या पदवीसाठीं जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय प्राचीन आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच होता. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गमावलेल्या बाईनें तो विषय निवडावा, याचा अर्थ समजण्यास भाष्याची गरज नाहीं. आणि २०१८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें बाळंतपणाविषयीं ज्या शिफारशी केल्या, त्यांतही प्रत्येक बाईजवळ तिच्या पसंतीचें एक माणूस असावें अशी शिफारस आहे. मधल्या काळांत आपण चरकाच्या त्या प्रेमळ बायका दाराबाहेर ठेवल्या. मात्र जुनें तें सगळें सोनें असेंही नाहीं. कोंदट अंधारी खोली, शेगडीचा धूर, बाळंतिणीला पाणी तोडणें, पहिला चीक टाकून देणें, हीं जीं गेलीं तीं गेलेलींच बरीं.

सकाळीं उठून मीं घरांत एक नियम केला : लेकीपुढें भयाची गोष्ट काढायची नाहीं. जाऊबाईंना तो अवघड गेला, मला त्याहून. सासूबाईंना मात्र कांहींच सांगावें लागलें नाहीं. शहाऐंशी वर्षांच्या माई. चार बाळंतपणें झालेल्या, पण त्यांच्या तोंडून बाळंतपणाची गोष्ट कोणी ऐकलेली नव्हती.

दुसरें, आम्ही डॉक्टरीणबाईंकडे प्रश्नांची यादी घेऊन गेलों. लेकीनें पहिलाच प्रश्न विचारला तो मरणाचा. बाई हसल्या नाहींत, कीं रागावल्याही नाहींत. २०१८ ते २०२० या काळांत महाराष्ट्रांत दर लाख जिवंत जन्मांमागें तेहतीस माता दगावल्या, असें त्यांनीं सांगितलें. रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर हीं वेळच्या वेळीं कां तपासायचीं तें सांगितलें. कळा सुरू झाल्यावर पहिले कित्येक तास संथ जातात, गर्भाशयाचें तोंड पांच सेंटिमीटर उघडल्यावर खरा वेग येतो, आणि पहिलटकरणीला त्यापुढेंही बारा तासांपर्यंत लागूं शकतात, हें कागदावर चित्र काढून समजावलें. मग ती खोली दाखवली. तें दार मीं उघडून पाहिलें आणि विचारलें, “येथें कोणी बरोबर थांबलं तर चालेल ना?” त्या म्हणाल्या, “थांबायलाच हवं.” माझ्या डोळ्यांत पाणी कां आलें, तें त्यांना कळलें नसावें.

शरीराची तयारी तशी साधी होती. सकाळ-संध्याकाळ चालणें, डाव्या कुशीवर निजणें, डॉक्टरीणबाईंना विचारून थोडा वेळ उकिडवें बसणें आणि भद्रासन. जांवईबापू शनिवार-रविवारीं येत आणि कंबर कशी चोळावी याचा धडा गिरवीत. “पुरुषाचं तिथं काय काम?” असें माई प्रथम म्हणाल्या, पण त्यांच्या हाताची पद्धत चुकते आहे हें पाहून त्यांनींच ती सुधारली.

श्वासाची शिकवण मात्र माईंची. लेक फोनवर कांहीं पाहून श्वास मोजीत बसली होती. माई म्हणाल्या, “मोजतेस काय? जातं ओढतांना काय करायचं? दाणे घालतांना श्वास घ्यायचा, ओढतांना सोडायचा. ओढतांना दम कोंडलास तर खांदा भरून येतो आणि पीठही जाड पडतं. ओवी म्हणायची ती त्यासाठींच. गाणाऱ्याला दम कोंडतां येत नाहीं.” लेकीनें उभ्या आयुष्यांत जातें ओढलेलें नाहीं, पण तिला तें तत्काळ समजलें. पुढें रोज संध्याकाळीं ती माईंच्या शेजारीं बसून रिकाम्या हातानें जातें ओढी आणि तोंडानें गुणगुणे.

राहतां राहिला आत्मा. माझी लेक देवभोळी नाहीं. माईंनीं जपाची माळ पुढें केली तेव्हां ती म्हणाली, “आजी, मी देव मानीत नाहीं गं.” माई म्हणाल्या, “नको मानूंस. पांच मिनिटं गप्प बैस म्हणजे झालं.” तेव्हांपासून ती पहांटे मागल्या दारीं पारिजातकाखालीं बसूं लागली. तेथें ती काय करीत असे हें मीं कधीं विचारलें नाहीं. पण महिनाभरानें एकदां आपण होऊन म्हणाली, “भीति गेली नाहीं आई. पण आतां ती माझ्या शेजारीं बसते, छातीवर बसत नाहीं.”

फेब्रुवारींत एका दुपारीं कळा सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत ती घरींच होती. व्हरांड्यांत चाले, कळ आली कीं कठडा धरून वांके आणि गुणगुणे. मऊ भात-तूप जेवली. रात्रीं दहाला आम्ही इस्पितळांत गेलों. त्या दारांतून मी तिच्याबरोबर आंत गेलें. रात्रीं एकला पांच सेंटिमीटर झालें. पुढचे तास मी कधीं विसरणार नाहीं. तिला दुखत होतें, अतिशय दुखत होतें, पण ती एकटी नव्हती आणि काय चाललें आहे हें तिला कळत होतें. पहांटे मात्र सात सेंटिमीटरांवर सगळें थांबलें. कळ ओसरली तरी बाळाचे ठोके लौकर वर येईनात. डॉक्टरीणबाईंनीं दोनदां पाहिलें, कुशी बदलायला लावली, आणि मग स्पष्ट सांगितलें, कीं शस्त्रक्रिया करावी लागेल. माझेच पाय गळाले. लेकीनें विचारलें, “बाळाला त्रास होतोय का?” त्या “हो” म्हणाल्या. “मग करा,” असें म्हणून तिनें सही केली. अक्षर नेहमींचेंच होतें, गोल आणि स्वच्छ. अर्ध्या तासानें नात जन्माला आली.

तिसऱ्या दिवशीं, मूल पदराखालीं असतांना, लेक अकस्मात् रडूं लागली. “सगळी तयारी फुकट गेली, आई. मला जमलं नाहीं.”

मी उत्तर शोधूं लागलें, तों खुर्चीवर बसलेल्या माई बोलल्या. “माझी पांच बाळंतपणं झालीं,” त्या म्हणाल्या.

मी चमकून पाहिलें. आम्हांला चारच ठाऊक होतीं.

“पानशेतच्या पुराच्या दुसऱ्या पावसाळ्यांत. बासष्ट सालीं. कोंकणांत होतें मी. दोन दिवस कळा चालल्या. सुईण शहाणी होती. म्हणाली, हें माझ्या हातचं नाहीं, तालुक्याला न्या. बैलगाडी जोडली, पण नदीला उतार मिळेना. रात्रभर अलीकडे बसलों.” त्या थोडा वेळ थांबल्या. “मुलगी होती. मीही तुझ्यासारखंच गुणगुणत होतें. श्वास चुकला नव्हता माझा. पलीकडे जायला रस्ता नव्हता एवढंच. तुला रस्ता होता, तूं डोळे उघडे ठेवून गेलीस. तयारी आणखी कशासाठीं करतात?”

लेकीनें कांहीं न बोलतां मूल उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलें. माईंनीं तें किती वेळ घेतलें होतें, मला सांगतां येणार नाहीं.

मला मात्र त्या दिवशीं दोन गोष्टी उमगल्या. स्वाभाविक बाळंतपण ही परीक्षा नव्हे, कीं शस्त्रक्रिया झाली म्हणजे बाई नापास. मन, शरीर आणि आत्मा तयार करायचा तो एका विशिष्ट शेवटासाठीं नव्हे. जें पुढें येईल तें आपल्या शुद्धींत, आपल्या माणसांच्या सोबतींत स्वीकारतां यावें यासाठीं. दुसरें असें, कीं गोष्ट खरी असली तरी तिला वेळ असते. माईंनीं आपली गोष्ट एकसष्ट वर्षें जपली, आणि जिला ती ऐकण्याचें बळ आलें होतें व जिला तिची गरज होती, तिलाच सांगितली. मीं माझी मिळेल त्या गरोदर पोरीपुढें उधळली होती.

पुढच्या हिवाळ्यांत आमच्या जाऊबाईंच्या सुनेला दिवस गेले. माझी लेक नात घेऊन आलेली होती, आणि मटारचे दिवस होते. सुनेनें भीत भीत विचारलें, “ताई, फार दुखतं का हो?” मी अवघडलें. लेक म्हणाली, “दुखतं. पण आई सबंध वेळ जवळ होती. आणि तुला जातं ओढायचं माहीत आहे का? ये, दाखवतें.”

माई शेजारींच होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. मटार सोलीत राहिल्या.