आबांनी दिलेला रविवार

ज्यांचे उपकार फिटले नाहीत अशा माणसांची नावं मनाशी घ्यायला लागलो की गुहागरच्या खालच्या पाटातले आबा आधी आठवतात. जातीने भंडारी, धंदा माडी काढण्याचा. ना नात्याचे, ना गावचे. त्यांनी मला पैसे दिले नाहीत, की कुठे चिठ्ठी देऊन काम करून दिलं नाही. एक रविवार दिला. त्या रविवारची किंमत काय होती हे समजायला आधी त्यांचा धंदा समजून घ्यायला हवा.

1980च्या दशकाच्या अखेरीस बँकेच्या नोकरीत बदली होऊन मी गुहागरला गेलो. मी देशावरचा, घरात वारी, गळ्यात तुळशीची माळ. समुद्र त्याआधी मुंबईत लांबून पाहिलेला. गुहागर पाहिल्यावर पहिले काही दिवस मला त्या गावाचा आकारच कळेना. पश्चिमेला समुद्र, मग पांढरी वाळू, सुरूची झाडं, मग माड-पोफळींची आगरं, मधून जाणारा एकच लांबलचक रस्ता, त्याच्या दुसऱ्या अंगाला पुन्हा घरं आणि आगरं, आणि लगेच डोंगर. गाव रुंदीला नाहीच, सगळं लांबीला. मध्यावर व्याडेश्वर, आणि त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेले खालचा पाट, वरचा पाट. एका आगरातली मागची खोली मला भाड्याने मिळाली. रात्री झावळ्यांच्या सळसळीत झोप लागायची नाही, नंतर पुण्याला गेल्यावर ती सळसळ नाही म्हणून लागेना.

मागच्या दारातून पहाटे आबा दिसत. कमरेला आकडी, आकडीत कोयती, पाठीला मडकं. माडाच्या खोडाला पाय ठेवण्यापुरत्या खाचा पाडलेल्या. साठीच्या घरातला तो माणूस त्या खाचांवरून न थांबता वर जायचा. दहाबारा माड त्यांनी कराराने घेतलेले, परवाना काढलेला. तेव्हाही माडीसाठी दिलेले माड मोजकेच असत. माड माडीला दिला की तेवढ्या काळात नारळ मिळत नाही, कारण ज्या पोयीतून, म्हणजे फुलोऱ्यातून, नारळाची पेंड यायची तिलाच कापायचं असतं.

आबांनी ते मला जवळून दाखवलं, एका ठेंगण्या माडावर शिडी लावून. पोय अजून उमललेली नसते, तेव्हाच तिला दोरीने गच्च आवळून बांधायचं, म्हणजे ती फुटत नाही. मग काही दिवस रोज लाकडाच्या दांडक्याने तिला हलके हलके ठोकायचं. जोर लागला तर पोय आतून मरते, कमी पडला तर रस उतरत नाही. आबा ठोकताना कान पोयीजवळ नेत. नंतर टोकाचा अगदी पातळ काप काढायचा, कागदाइतका, आणि खाली मडकं बांधायचं. थेंब थेंब रस सुरू होतो. हा काप सकाळी आणि संध्याकाळी नव्याने काढावा लागतो, कारण जुना काप सुकून तोंड बंद होतं. चांगला माड दिवसाला दीड-दोन लिटर देतो. रस उतरतो तेव्हा गोड असतो, पण मडक्यातलं आणि हवेतलं किण्व त्याला तिथेच आंबवायला लागतं. सकाळची माडी सौम्य, दुपारची चढती, दुसऱ्या दिवशी आंबट. मडक्याला आतून चुना लावला तर रस आंबत नाही, ती नीरा.

म्हणजे बघा, या धंद्याला सुट्टी नाही. सणाला नाही, आजारपणाला नाही, घरात लग्न असलं तरी नाही. दोनदा काप चुकला की पोय आटते आणि आठवड्याची मेहनत जाते. आबांच्या बायकोने, आम्ही त्यांना काकी म्हणत असू, मला एकदा सांगितलं होतं की लग्न झाल्यापासून दोघं मिळून मुक्कामाला कुठे गेलेली नाहीत.

असा माणूस फाल्गुनातल्या एका शनिवारी रात्री माझ्या दारात येऊन म्हणाला, "साहेब, उद्या सकाळचा काप काढून मी मोकळा होतंय. सांजेचा पोरगा काढील. तुमी सायकल काढा." झालं असं होतं, की त्या आठवड्यात माझी आई गेल्याला वर्ष झालं होतं आणि मी रजा न मिळाल्याने गावी जाऊ शकलो नव्हतो. मी कुणाला बोललो नव्हतो. पण माझी खोली रात्रभर उजेडात असते हे माडावरून दिसत असणार. मुलाच्या हातावर त्यांनी माड सोडले ते त्या दिवशी पहिल्यांदा. हे मला काकींनी पुढे सांगितलं. आबांनी कधीच नाही.

निघताना त्यांनी एक लहान मडकं माझ्या हातात दिलं. "चुन्याचं हाय. तुमची माळ हाय ना." माझ्या एकट्यासाठी आदल्या संध्याकाळी त्यांनी एका पोयीला वेगळं मडकं बांधलं होतं. ती थंड, गोड, किंचित दुधट नीरा मी उभ्याने प्यायलो. त्यानंतर अनेक ठिकाणी नीरा प्यायली, तो वास कुठे आला नाही.

होळी दुसऱ्या दिवशी. आबांची काळी हर्क्युलस, माझी दुकानातून आणलेली भाड्याची सायकल. वेशीबाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं, "आज चतुर्दशी. चौदाची पाऊणपट किती?" मी साडेदहा म्हणालो. "मग साडेदहाच्या आधी हेदवीत पोचलं पायजे." किनाऱ्यावरच्या माणसांचा हा हिशेब मला तेव्हा प्रथम कळला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. घड्याळ नाही, कोष्टक नाही. बँकेत आयुष्यभर आकडेमोड करणाऱ्या मला हा हिशेब इतका आवडला की आजही तिथी ऐकली की मनात पाऊणपट होते.

गुहागर ते हेदवी पंचवीसेक किलोमीटर. नकाशात सरळ दिसतं, पण कोकणातला रस्ता म्हणजे सड्यावर चढायचं, खाडीला उतरायचं, पुन्हा चढायचं. गिअर नसलेल्या सायकलीला चढ म्हणजे ढकलत चालणं. निम्मा रस्ता चाललो असू. मला वाटतं आबांनी सायकल त्यासाठीच निवडली होती. उतारावर बोलता येत नाही, चढावर येतं. पालशेतच्या अलीकडच्या चढावर ते मला आईबद्दल विचारत होते. नाव काय, माहेर कुठलं, वारीत कुठली ओवी म्हणायची. वर्षभरात असं कुणी विचारलं नव्हतं.

सड्यावर कातळ तापायला लागला होता. काजू धरलेला होता, बोंडं लाल-पिवळी, झाडाखाली खच पडलेला. आबांनी एक बोंड पिळून दाखवलं. गोव्यात याची फेणी करतात आणि आमच्याकडे हे कुजतं, याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं. फळातला रस वाया जाऊ देणं त्यांच्या लेखी अन्न टाकण्याइतकं वाईट होतं.

हेदवीला दशभुजा गणेशाचं लांबून दर्शन घेतलं आणि खाली समुद्राकडे उतरलो. उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात एक लांब अरुंद भेग आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या वेळी लाट त्या भेगेत शिरते, आत दाबली जाते आणि कोंडलेलं पाणी गर्जना करत उंच उसळतं. आम्ही पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पाणी चढत होतं. आबांनी मला कातळाच्या कोरड्या भागावर मागे बसवलं, "हितून पुढं न्हाय जायचं, वल्या शेवाळावर पाय ऱ्हात न्हाय," आणि स्वतःही शेजारी बसले. साडेदहाच्या आसपास पहिला मोठा फवारा उठला. त्या आवाजात मी रडलो. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समुद्राकडे बघत ते मायनाक भंडाऱ्याची गोष्ट सांगू लागले: 1679 साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली, इंग्रज आणि सिद्दी चालून आले, आणि मायनाकाने बेट सोडलं नाही. मग भागोजीशेठ कीर. रत्नागिरीचा गरीब भंडाऱ्याचा पोर मुंबईत मोठा कंत्राटदार झाला आणि 1931 साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर बांधून सगळ्या जातींना गाभारा उघडा केला. "आमच्या लोकांला दारूवाले म्हनतात, साहेब," ते म्हणाले, "पन आमी देऊळ बांधल्यालं हाय." ते मला धीर देत होते आणि त्याच वेळी माझ्यासमोर आपली सारी इभ्रत मांडत होते. आपलं दुःख बोलून न दाखवणाऱ्या माणसाशी बोलायची हीच त्यांची रीत होती.

परतताना वेळणेश्वरला उतरलो. देवळात पाया पडून माडांच्या सावलीत काकींनी दिलेली तांदळाची भाकरी आणि कुळथाचं घट्ट पिठलं खाल्लं. उन्हं कलल्यावर निघालो, आणि व्याडेश्वराजवळ आलो तेव्हा दिवे लागले होते. आबा सायकल लावून आधी माडांखाली गेले, मान वर करून प्रत्येक मडकं पाहिलं, आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढे माझी बदली झाली. पत्रं चालू राहिली, मग काकी गेल्या, मग आबा.

निवृत्तीनंतर मुलीने मला नाशिकला नेलं. गंगापूर धरणाच्या परिसरात द्राक्षबागांमधून पायवाटा आहेत, लोक सायकली घेऊन फिरतात, वायनरीत एक तरुण मुलगा हातात पेला धरून किण्वन समजावून सांगतो. 2000च्या आसपास सुलाची पहिली वाइन बाजारात आली, 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेसाठी स्वतंत्र धोरण केलं, आणि बघता बघता तो परिसर पाहण्याजोगा झाला. मी पीत नाही, पण ते सगळं मन लावून ऐकलं. साखरेवर किण्व काम करतं, तापमान सांभाळावं लागतं, वेळ चुकवून चालत नाही. शब्दाशब्दाला आबा डोळ्यांसमोर येत होते. द्राक्ष पिकवणाऱ्यांना मान मिळाला याचा मला आनंदच आहे. मेहनतीचा तो मान आहे. पण तीच विद्या साठ फुटांवर, एका हाताने खोड धरून, दिवसातून दोनदा करणाऱ्या माणसाच्या वाट्याला परवाना, कर आणि हिणवणं यापलीकडे काही आलं नाही, हा अन्याय आहे असं मी स्वच्छ म्हणतो.

आबांचा मुलगा मुंबईला गेला. माडी काढणं त्यांच्या घरात थांबलं. नातू मात्र गावात राहिला आणि आगराआगरांतून नारळ पाडायची कामं करू लागला. काही वर्षांपूर्वी आषाढातल्या सरीनंतर बुळबुळीत झालेल्या खोडावरून तो घसरला. कंबरेचं हाड मोडलं. जीव वाचला. गावाने वर्गणी काढली, मीही पाठवली, पण उपचारांचा खर्च वर्गणीत मावण्यासारखा नव्हता. विमा कुणी उतरवलेलाच नव्हता. अशी काही सोय असते हेच त्या घराला माहीत नव्हतं, आणि ज्यांच्या आगरात तो चढत होता त्या घरांनाही नाही.

तेव्हापासून मी वर्षातून एकदा गुहागरला जातो आणि तिथल्या ओळखीच्या एका पडवीत बसून फॉर्म भरतो. केंद्र सरकारच्या नारळ विकास मंडळाची, ज्याचं मुख्यालय कोचीला आहे, 'केरा सुरक्षा' नावाची अपघात विमा योजना आहे. नारळ पाडणारे आणि नीरा काढणारे, वय 18 ते 65, तिच्यात येतात. हप्त्याचा मोठा भाग मंडळ भरतं, चढणाऱ्याने भरायचा वाटा किरकोळ असतो. मृत्यू, अपंगत्व आणि दवाखान्याचा खर्च या तिन्हींसाठी तरतूद आहे. ओळखीची कागदपत्रं लागतात आणि अर्जावर सरपंचाची किंवा कृषी अधिकाऱ्याची सही. माझं सगळं आयुष्य फॉर्म भरण्यात गेलं. आबांच्या ऋणापोटी माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच आहे. नातू आता चढत नाही. पण वाडीवाडीतून चढणाऱ्यांना पडवीत घेऊन येण्याचं काम तोच करतो.

ज्यांचं कोकणात आगर आहे, मग ते गुहागरला असो, दापोलीला, श्रीवर्धनला की वेंगुर्ल्याला, आणि जे मुंबई-पुण्यात बसून नारळाचा हिशेब फोनवर घेतात, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या पाडणीच्या आधी तुमच्या माडावर कोण चढतं त्याचं नाव विचारा, त्याचा विमा आहे का ते विचारा, आणि नसेल तर त्याच्या वाट्याचा हप्ता तुम्ही भरा.